ऊर्जेचा धडा आणि अर्धवट सोडलेला हिशोब

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडवरून जाताना जो खटखटाट कानावर पडतो, त्यात भौतिकशास्त्राचा एक चांगला प्रश्न दडलेला आहे. मागाची मोटर दिवसभर वीज घेते. संध्याकाळी माग थांबतो. विणून झालेले टॉवेल घडी होऊन बाजूला पडतात. दिवसभरात मोटरने जी ऊर्जा घेतली ती आता कुठे आहे?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी शंका घेऊन येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना मी हा प्रश्न विचारत आलो आहे. पहिले उत्तर ठरलेले असते : 'विद्युत ऊर्जेचे यांत्रिक ऊर्जेत रूपांतर होते.' बरोबर आहे. पण माग आता थांबला आहे, धोटा जागेवर आहे, यांत्रिक ऊर्जा उरलेली नाही. मग? थोडी चुळबुळ होते आणि कोणीतरी म्हणते, 'टॉवेलमध्ये गेली.' ऊर्जा अक्षय्यतेचा नियम या मुलांना तोंडपाठ असतो. तरीही टॉवेलमध्ये ऊर्जा गेली म्हणजे नेमके काय झाले, तो टॉवेल उसवला तर ती परत मिळेल का, असे पुढे विचारायला हा नियम त्यांना प्रवृत्त करीत नाही. माझी तक्रार मुलांविषयी नाही. ज्या पद्धतीने आपण हा धडा लिहितो, शिकवतो आणि त्यावर प्रश्न काढतो, त्या पद्धतीविषयी आहे.

आधी उत्तर पाहू. समजा मोटर सरासरी ६०० वॅट घेते आणि माग दहा तास चालतो. म्हणजे ६ युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा दिवसाचे झाले सुमारे २ कोटी १६ लाख ज्यूल. धाग्यांना पडलेला ताण आणि पीळ यांत साठणारी ऊर्जा या आकड्यापुढे नगण्य आहे. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचाही वाटा फार लहान : एका मागाच्या आवाजाची शक्ती एका वॅटचा अंशच असते, आणि तो आवाजही भिंतींत शोषला जाऊन शेवटी त्यांना किंचित तापवतो. उरलेले सगळे? मोटरच्या तारांत, बेअरिंगमध्ये, पट्ट्यांत, धोटा प्रत्येक खेपेला आदळून थांबतो तिथे, धाग्यावर धागा घासतो तिथे, म्हणजे सगळीकडे उष्णता. दहा तास माग चालवणे म्हणजे, निव्वळ उष्णतेच्या दृष्टीने, त्या शेडमध्ये अर्धा किलो रॉकेल जाळणे होय. वीस माग असतील तर दहा किलो. मे महिन्यात त्या शेडमध्ये काम करणाऱ्या विणकराला हे कोणी सांगावे लागत नाही. पण त्याच विणकराच्या मुलाच्या वहीत ऊर्जेची साखळी 'यांत्रिक ऊर्जा' या शब्दापाशी येऊन थांबते आणि तिला पूर्ण गुण मिळतात.

आता व्याख्येकडे वळू. 'ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता' या अर्थाची व्याख्या आपण सर्वांनी लिहिली आहे. नवशिक्याला सुरुवात करून देण्यासाठी ती वाईट नाही. ताणलेली स्प्रिंग, वर उचललेला दगड, धावती बैलगाडी यांना ती छान लागू पडते. अडचण येते ती दोन पानांनंतर, जेव्हा तोच धडा सांगतो की ऊर्जा नष्ट होत नाही. दोन्ही वाक्ये एकत्र ठेवून पाहा. ऊर्जा ही कार्य करण्याची क्षमता असेल आणि ऊर्जा नष्ट होत नसेल, तर कार्य करण्याची क्षमताही कधी नष्ट होता कामा नये. यंत्रमागाच्या शेडमध्ये संध्याकाळी ६ युनिट ऊर्जा शिल्लक आहे, हवेत, भिंतींत, पत्र्यात. त्या ऊर्जेवर दुसऱ्या दिवशी माग चालेल का?

चालणार नाही, आणि का चालणार नाही हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्येच, ऊर्जा या संकल्पनेला आजचा अर्थ मिळण्यापूर्वी, दाखवून ठेवले होते. उष्णतेपासून कार्य मिळवायचे तर तापमानात फरक हवा. शेडमधले तापमान ४२ अंश आणि बाहेरचे ३८ अंश धरले, तर अगदी आदर्श यंत्र बसवले तरी वाहणाऱ्या उष्णतेच्या दर शंभर ज्यूलमागे जेमतेम सव्वा ज्यूल कार्य हाती लागेल. दोन्हीकडे तापमान सारखे झाले की तेही नाही. ऊर्जा सगळीच्या सगळी आहे. तिची उपयुक्तता गेली आहे. हा उष्मागतिकीचा दुसरा नियम. शालेय अभ्यासक्रमात त्याचे नाव घेण्याची गरज नाही, हे मला मान्य आहे. पण त्याचे सार गाळून पहिला नियम एकटाच शिकवला, तर हुशार विद्यार्थी जो प्रश्न विचारतो त्याला आपल्याकडे उत्तर उरत नाही : 'सर, ऊर्जा नष्टच होत नाही तर मग वीज वाचवायची कशाला?'

हा प्रश्न ज्या वर्गात विचारला जातो तो वर्ग चांगला आहे असे समजावे. 'तसे नसते, बाळ, तो नियम वेगळा आणि बचत वेगळी' असे सांगून आपण पुढे सरकतो. तिथेच मुलगा मनाशी ठरवतो की भौतिकशास्त्र परीक्षेसाठी असते आणि विजेचे बिल हे आयुष्यातले.

यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. 'अक्षय्य' हा शब्द मुलाच्या कानावर विज्ञानाच्या पुस्तकाआधी कितीतरी वर्षे पडलेला असतो. अक्षय्य तृतीया त्याला माहीत असते. द्रौपदीची थाळी माहीत असते : कितीही वाढा, संपत नाही. तेव्हा 'ऊर्जा अक्षय्य आहे' हे वाक्य त्याला 'ऊर्जा कितीही वापरा, संपत नाही' असे ऐकू येते. नियम मात्र वेगळेच सांगतो : बेरीज वाढतही नाही आणि कमीही होत नाही. द्रौपदीच्या थाळीने तर या नियमाचा उघड भंग केला असता! त्यात भर म्हणून आता सूर्य आणि वारा यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेलाही आपण 'अक्षय ऊर्जा' म्हणू लागलो आहोत, जिथे अर्थ 'पुन्हा पुन्हा भरून येणारी' असा आहे. एका य-चा फरक. मुलाने काय समजावे? शिवाय ज्या गोष्टीची निर्मिती होऊ शकत नाही असे सकाळच्या तासाला शिकवले, तिच्या 'निर्मिती'ची केंद्रे राज्यभर आहेत आणि सरकारी वीज कंपनीचे नावच 'महानिर्मिती' आहे. परिभाषा आता बदलावी असा माझा आग्रह नाही, रुळलेले शब्द बदलत नसतात. पण शिक्षकाने या नियमाशेजारी आपल्या व्यवहारातला एक शब्द ठेवावा : ताळेबंद. दुकानदार वर्षअखेरीला जमा आणि खर्च यांचा ताळा घेतो. ताळा जमला नाही तर पैसे हवेत विरले असे तो म्हणत नाही. कुठली तरी नोंद राहून गेली आहे असे म्हणतो आणि वही पुन्हा चाळतो. ऊर्जेचा नियम नेमका असा वापरायचा असतो.

'ऊर्जेची रूपे' या प्रकरणाविषयी माझे मत याहून कडक आहे. यांत्रिक, औष्णिक, रासायनिक, विद्युत, प्रकाश, ध्वनी, अणुऊर्जा, पवनऊर्जा, सौरऊर्जा अशी यादी फळ्यावर लिहिली जाते. या यादीत स्रोत आणि रूपे यांची सरमिसळ आहे. पवनऊर्जा म्हणजे हवेची गतिज ऊर्जा. सौरऊर्जा म्हणजे सूर्याकडून आलेले प्रारण. ध्वनी म्हणजे हवेच्या कणांची हालचाल आणि दाबातला चढउतार. उष्णतेचेही मूळ पाहिले तर ती रेणूंच्या गोंधळलेल्या हालचालीची आणि त्यांच्या परस्पर आकर्षणाची ऊर्जा. म्हणजे या नऊ-दहा नावांखाली गतिज ऊर्जा, वेगवेगळ्या बलांशी निगडित असलेली स्थितिज ऊर्जा, प्रारणाची ऊर्जा आणि वस्तुमानात दडलेली ऊर्जा एवढीच खाती उरतात. यादी पाठ केल्याने आणखी एक गैरसमज पक्का होतो, की ऊर्जा हा एखादा अदृश्य पदार्थ आहे आणि तो बहुरूप्यासारखी सोंगे बदलत फिरतो. बचत खात्यातले हजार रुपये मुदत ठेवीत टाकले, तर नोटांनी रूप बदलले असे आपण म्हणत नाही. दोन खात्यांतल्या नोंदी बदलल्या, बेरीज तीच राहिली. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१-६२ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांत स्पष्टच सांगितले होते, की ऊर्जा 'म्हणजे काय' हे भौतिकशास्त्राला सांगता येत नाही. वेगवेगळी सूत्रे वापरून आकडे काढता येतात आणि त्यांची बेरीज बदलत नाही, एवढेच ठाऊक आहे. ही कबुली विद्यार्थ्यांपासून लपवण्यासारखी नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एवढे पुढे सांगता येईल, की निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत या एका गोष्टीतून ही न बदलणारी बेरीज निघते, असे एमी नोएथर या गणितज्ञ विदुषीने १९१८ मध्ये सिद्ध केले.

खात्यांमधला विनिमयाचा दर कोणीतरी मोजावा लागतो, आणि धड्यातून नेमका हाच भाग हरवला आहे. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात वजने खाली सोडून त्यांच्या साहाय्याने पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. आजच्या भाषेत त्याचा निष्कर्ष असा : एक लिटर पाणी सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडले आणि पडण्याची सगळी ऊर्जा त्या पाण्यातच राहिली, तर ते १ अंशाने तापेल. आपल्या पुस्तकात ज्यूल हे एककाचे नाव म्हणून येतात आणि जातात. खरे तर ऊर्जा ही कल्पना उभी राहिली ती या मोजणीवर. वेगवेगळ्या मार्गांनी गेले तरी दर तोच येतो, हे दिसल्यावरच ही सगळी एकाच वहीतली खाती आहेत असे म्हणण्याचे धाडस करता आले.

आपल्या राज्यात याला शोभणारे एक ठिकाण आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे वरच्या धरणातले पाणी सुमारे ४०० मीटर खाली सोडून वीज तयार करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. एक घनमीटर पाणी, म्हणजे १००० किलोग्रॅम, ४०० मीटर खाली आले की सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजे एक युनिटहून थोडी अधिक ऊर्जा. हेच पाणी टर्बाइनमधून न जाता कड्यावरून नुसते कोसळले असते, तर खाली पोचल्यावर ते जेमतेम एका अंशाने तापले असते. एकीकडे घरातले एक युनिट, दुसरीकडे हाताला कळणारही नाही अशी ऊब, ज्यूल तेवढेच! विद्यार्थ्याला मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला लावीन आणि दुसरे काही बोलणार नाही. जमल्यास एक पुरवणी प्रश्न : ही स्थितिज ऊर्जा पाण्यात होती का? ती पाणी आणि पृथ्वी या जोडीची आहे. पृथ्वी बाजूला काढली तर त्या पाण्याला वर-खाली असे काही राहत नाही.

ज्यूलचा प्रयोग शाळेत करायला वल्ही आणि कप्प्या लागत नाहीत. घरातले मिक्सर पुरे. भांड्यात मोजून पाणी घ्या, तापमान नोंदवा, झाकण लावून मिक्सर एकेक मिनिट चालवून थांबत थांबत तीनेक मिनिटे फिरवा. पाणी काही अंशांनी तापलेले दिसेल, आणि वर्गात आश्चर्याची लाट येईल, कारण मिक्सरमध्ये तापवण्याचे काहीही नाही. विजेचा हिशोब आपल्या मीटरवरच असतो. नव्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि किती वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होते हे मीटरवर छापलेले असते. ३२०० असेल, तर एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. घरातली बाकीची उपकरणे बंद ठेवून मोजले की झाले. समजा ४० वेळा दिवा लागला : ४५ हजार ज्यूल खर्च. पाणी ८०० ग्रॅम आणि तापमानातली वाढ ६ अंश असेल, तर पाण्याकडे जमा झाले सुमारे २० हजार ज्यूल. उरलेले २५ हजार कुठे? मिक्सरच्या बुडाला हात लावला की मोटर गरम लागते, भांडे गरम लागते. विद्यार्थ्यांना ही तूट लाजिरवाणी वाटते आणि ते आकडे जुळवून आणायला बघतात. त्यांना ते करू देऊ नये. प्रयोगाचा खरा विषय ती तूटच आहे.

तुटीने भौतिकशास्त्राला केवढे मोठे दान दिले आहे हेही वर्गात सांगण्यासारखे आहे. काही किरणोत्सारी अणू इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. १९१४ मध्ये जेम्स चॅडविक यांना दिसले की या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ठरावीक नसते, कधी जास्त तर कधी कमी. हिशोबात तूट येत होती. नील्स बोर यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञही, अणुगर्भात ऊर्जेचा नियम कदाचित पाळला जात नसावा, असे म्हणायला तयार झाला. वोल्फगांग पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये दुसरा मार्ग सुचवला : आपल्याला न दिसणारा एक कण उरलेली ऊर्जा घेऊन जात असेल. पुढे न्यूट्रिनो या नावाने ओळखला गेलेला हा कण राइन्स आणि काउअन यांना १९५६ मध्ये सापडला. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ब्रिटिश आणि जपानी सहकाऱ्यांबरोबर वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. सव्वीस वर्षे एक नोंद 'येणे बाकी' म्हणून वहीत राहिली आणि अखेर वसूल झाली.

आता सोलापूरच्या दारात येऊ, कारण अर्धवट हिशोबाची किंमत इथे दिसते. शहराजवळ आहेरवाडी-फताटेवाडी येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे केंद्र आहे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच, २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झालेले. पुस्तकातली साखळी या केंद्राला अगदी चपखल लागू पडते : रासायनिक, औष्णिक, यांत्रिक, विद्युत. चार शब्द आणि तीन बाण. पण बाणांवर आकडे घाला. अशा संचाची कार्यक्षमता ढोबळमानाने ४० टक्के धरली, तर १३२० मेगावॅट वीज मिळवण्यासाठी ३३०० मेगावॅट एवढी उष्णता कोळशापासून घ्यावी लागते, म्हणजे आपल्याकडच्या कोळशाच्या प्रतीप्रमाणे पूर्ण भारावर सेकंदाला सुमारे २०० किलोग्रॅम कोळसा. उरलेले १९८० मेगावॅट कुठे जातात? काही धुराड्यातून, आणि बरेचसे, सुमारे दीड हजार मेगावॅट, वाफ पुन्हा पाणी होताना थंड करणाऱ्या पाण्यात. ही उष्णता शीतन मनोऱ्यांत पाण्याची वाफ करून हवेत सोडली जाते. एक किलो पाणी वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जाते. भागाकार केला की सेकंदाला ६०० किलोच्या पुढे पाणी, दिवसाला ५० हजार घनमीटरांच्या आसपास. दर युनिटमागे दीड ते पावणेदोन लिटर.

हे अभियंत्यांचे दुर्लक्ष आहे का? नाही. सुमारे ६०० अंशांची वाफ आणि ४० अंशांची थंड बाजू यांच्यामध्ये कार्नोच्या आदर्श यंत्रालाही ६४ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. ४० टक्के ही चांगली कामगिरी आहे. पण हे पाणी येते उजनी जलाशयातून, जिथून सोलापूर शहरही पिण्याचे पाणी घेते, आणि या शहरातल्या नळांना कित्येक दिवसांआड पाणी आलेले आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. ज्या विद्यार्थ्याने साखळीतले चार शब्द पाठ केले, त्याला औष्णिक केंद्राला एवढे पाणी का लागते हा प्रश्न राजकारणाचा वाटेल. ज्याने बाणांवर आकडे घातले त्याला तो नववीच्या धड्यातला वाटेल. घरात पाच युनिट जळाली तर आठ-नऊ लिटर पाणी वाफ झाले, असा हिशोब तो आईला सांगू शकेल. 'वीज वाचवायची कशाला?' या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही घोषवाक्यापेक्षा इथे चांगले मिळते.

याच सोलापूरच्या नावावर आणखी एक नोंद आहे, तिची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका तालात जोडले गेले. तेव्हापासून देशभरातली मोठी जनित्रे एकाच वारंवारतेने, सेकंदाला ५० आवर्तनांच्या आसपास, फिरतात. या जाळ्यात वीज साठवायचे कोठार जवळजवळ नाही. एखाद्या क्षणी मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली, तर जास्तीची ऊर्जा येते फिरणाऱ्या चक्रांच्या गतिज ऊर्जेतून. चक्रे किंचित मंदावतात, वारंवारता ५० च्या खाली घसरते, आणि ती घसरण पाहून वीजकेंद्रे वाफ किंवा पाणी वाढवतात. ऊर्जेचा ताळेबंद इथे वर्षअखेरीला मांडला जात नाही, क्षणोक्षणी मांडला जातो. तो फार बिघडला की काय होते हे जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखांना उत्तर भारताने अंधारात बसून पाहिले. शिक्षकांना एका वाक्यात शिकवता येईल असे जिवंत उदाहरण याहून चांगले मला माहीत नाही.

पुस्तकांवर टीका करताना त्यांचे श्रेयही द्यायला हवे. २०१७ मध्ये आलेल्या राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात गतीचे नियम, नंतर कार्य, नंतर ऊर्जा हा क्रम योग्य आहे. वरून सोडलेल्या वस्तूची तीन ठिकाणची ऊर्जा काढून बेरीज सारखी येते असे दाखवणारे उदाहरण बहुतेक पुस्तकांत असते आणि ते सुंदर आहे. माझे म्हणणे एवढेच की ते जमिनीला टेकण्याच्या आदल्या क्षणी थांबते. वस्तू पडली, धप्प आवाज झाला, आता बेरीज किती? तिथे पुढची ओळ लिहिली पाहिजे.

कार्याच्या व्याख्येबाबतही असेच अर्ध्यावर सोडणे होते. बाजार समितीत कांद्याचे पोते डोक्यावर घेऊन सपाट जमिनीवर चालणाऱ्या हमालाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य शून्य, असे आपण सांगतो. वर्गात हशा पिकतो. हमालाचा मुलगा त्या वर्गात असला तर त्याला काय वाटत असेल याचा विचार आपण करीत नाही. पोत्यावरचे ते कार्य शून्य आहे हे खरेच. पण हमालाचे स्नायू पोते तोलताना सतत आकुंचन पावतात आणि सैल होतात, त्यात अन्नाची ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णता होऊन घामाबरोबर बाहेर पडते. पोत्याचे खाते आणि हमालाचे खाते वेगळे. दोन्ही मांडली की व्याख्याही वाचते आणि माणसाचे कष्टही. सोबत एक गणित द्यावे : साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० किलोकॅलरी, म्हणजे ८ लाख ४० हजार ज्यूल. पन्नास किलो वजनाचा मुलगा तीन मीटर उंचीचा जिना चढला तर १५०० ज्यूल. भाकरीतली सगळी ऊर्जा जिन्यात उतरली असती तर ५६० वेळा चढता आले असते. शरीर साधारण पाव हिस्सा ऊर्जाच कार्यात आणू शकते असे धरले तरी १४० वेळा! मुलांचा या आकड्यावर विश्वास बसत नाही आणि ती पुन्हा गणित करून बघतात.

विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी कुठे ना कुठे मोटरने डायनामो फिरतो, डायनामोवर तीच मोटर चालते आणि वर एक दिवाही लागतो असा 'प्रकल्प' येतो. आत कुठेतरी बॅटरी लपवलेली असते, किंवा विद्यार्थ्याला खरोखर तसे वाटत असते. पाण्यावर चालणाऱ्या मोटारीच्या बातम्या अधूनमधून येतात. १९९६ मध्ये तमिळनाडूतून आलेल्या 'वनौषधी पेट्रोल'च्या दाव्याने देशभर खळबळ उडवली होती. 'नियमात बसत नाही' असे म्हणून परीक्षकाने प्रकल्प बाजूला सारणे मला पुरेसे वाटत नाही. त्या विद्यार्थ्यासमोर वही उघडावी. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन, चुलीतली राख जशी. राखेचे पुन्हा लाकूड करायला जेवढी ऊर्जा घालावी लागेल, तेवढी तरी ती पुन्हा जाळून मिळणार नाही. जमेच्या बाजूला काय आहे ते दाखव, एवढेच त्याला विचारावे.

प्रश्नपत्रिका बदलली तर धडा आपोआप बदलेल, म्हणून शेवटी प्रश्नांविषयी. 'ऊर्जारूपांतराची साखळी लिहा' या प्रश्नाला एक शेपूट जोडावे : 'आणि एक तासानंतर ही ऊर्जा कुठे असेल ते सांगा.' 'ऊर्जेच्या पाच रूपांची नावे लिहा' हा प्रश्न काढून टाकावा. त्याच्या जागी मी हा देईन : मे महिन्यात सोलापुरात एका खोलीची दारे-खिडक्या घट्ट बंद करून आतल्या फ्रिजचे दार उघडे ठेवले. दोन तासांनी खोली थंड होईल, गरम होईल की तशीच राहील? फ्रिज आतली उष्णता मागच्या नळ्यांतून खोलीतच सोडतो आणि त्यासाठी बाहेरून वीज घेतो. म्हणून १५० वॅटची वीज दोन तास घेतली तर खोलीत १० लाख ८० हजार ज्यूल वाढतात आणि खोली गरम होते. मग खिडकीतला वाळ्याचा कूलर, जो फ्रिजसारखाच वीज घेतो, खोली थंड कशी करतो, आणि मुंबईत तो का चालत नाही, हा उपप्रश्न दोन गुणांचा.